थांबलं की सुटणारा ब्रेक: मांद्रेतल्या एका जुन्या झेनचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००२ सालची मारुती झेन, पेट्रोलवरची, पहिल्यापासून एकाच घरात राहिलेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर. पेडणे तालुक्यात मांद्रेला, समुद्रापासून फार तर दीड किलोमीटरवर, तीन बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. घरातले थोरले गृहस्थ आठवड्यातून एखाद्या दिवशी तिला म्हापशाला नेतात. पाऊस लागला की तेही बंद. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. तो चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी आला की गाडी पुन्हा रस्त्यावर येते. ओळख पटेल असं बाकीचं सगळं इथे गाळलं आहे.

ब्रेकच्या दृष्टीने याहून वाईट वापर नाही. रोज चालणाऱ्या गाडीची डिस्क रोज घासून स्वच्छ होते, पॅडना डिस्कवर दाबणारा पिस्टन थोडा पुढे-मागे सरकतो, आणि तो पिस्टन व पॅड धरणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना हलत राहतात. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि किनाऱ्यावर त्याच्या जोडीला खारा वारा. अशा हवेत अडीच महिने जागची न हललेली गाडी म्हणजे गंजाला मोकळं रान. हा गंज डिस्कवर तांबूस दिसतो तो निरुपद्रवी. पहिल्या दोन-चार ब्रेकांत निघून जातो. खरा गंज रबराच्या आडोशाला वाढतो: पिस्टनच्या डस्ट बूटखाली (धूळ अडवणाऱ्या रबरी टोपीखाली), पिनांच्या रबरी टोप्यांत, आणि कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या रबरी होज पाइपवर आवळलेल्या पत्र्याच्या पट्टीखाली. या तिसऱ्या जागेकडे सहसा कुणी बघत नाही.

जुनी बिलं चाळल्यावर इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं दिसलं. ब्रेक ऑइल कमी झालं की वरून भरलेलं, पण सगळं काढून नवं घातल्याची नोंद एकाही बिलात नाही. पुढचे दोन्ही होज पाइप कारखान्यातून आले तेच.

तक्रार

चवथीला आठवडा राहिला असताना गाडी काढायला गेले तर ती जागची हलेना. जूनमध्ये हँडब्रेक ओढूनच उभी केली होती आणि मागच्या डाव्या चाकात लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) ड्रमला चिकटला होता. पहिल्या गिअरमध्ये थोडी पुढे, रिव्हर्समध्ये थोडी मागे असं केल्यावर तो खाडकन सुटला. गाडी सुटली तसा ब्रेकचा विषयही संपला, असं घरात सगळ्यांनी धरलं. पुढे जे काही झालं त्याचं खापर बराच काळ या हँडब्रेकवरच फुटत राहिलं.

म्हापशाला जाताना शिवोलीचा पूल ओलांडेपर्यंत काही जाणवलं नाही. तो शुक्रवार होता. म्हापशात बाजाराची गर्दी, दर दहा पावलांवर ब्रेक. तिथे गाडी डावीकडे ओढू लागली, ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागू लागला आणि पुढच्या डाव्या चाकातून जळका वास आला. गाडी कडेला घेतली तेव्हा रिमला हात लावता येत नव्हता. पाऊण तासाने, खरेदी उरकून परत आल्यावर, तीच गाडी हलकी झालेली होती. ती तशीच चालवत मांद्रेला नेली.

या प्रकरणातला पहिला निर्णय तो, आणि तो धोक्याचा होता. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना उकळायला किमान २०५ अंश सेल्सियस लागतात. हवेतलं पाणी शोषून घेतल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. धरून राहिलेल्या ब्रेकची डिस्क २०० अंश सहज ओलांडते आणि ती उष्णता पॅडमधून पिस्टनला, पिस्टनमधून ऑइलला पोचते. ऑइल उकळलं की वाफ होते, पाय दाबला की फक्त वाफ दबते आणि पेडल तळाला जातं. म्हणजे जो ब्रेक सुटत नव्हता तोच पुढच्या वळणावर लागायला तयार नसतो. परतताना पेडल नेहमीपेक्षा मऊ लागलं होतं, हे नंतर खोदून विचारल्यावर कळलं. गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी जाणं स्वस्त पडलं असतं. एक बरं झालं, तापलेल्या चाकावर कुणी बाटलीभर पाणी ओतलं नाही. त्याने डिस्क वाकते, कधी तडकतेही.

पहिली दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी गाडी जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथे ती रांगेत दोनेक तास उभी होती, आणि जॅकवर घेतली तेव्हा चारही चाकं हाताने फिरली. मेकॅनिकवर दोष ठेवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं: त्याच्यासमोर दोष हजरच नव्हता. त्याला दिसले ते झिजून पत्र्याला आलेले डावे पॅड, तेही आतला बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला. त्याने पुढे नवे पॅड घातले, कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावलं, मागचे ड्रम उघडून गंज आणि भुकटी साफ केली. ‘पॅड सेट झाले की ओढणार नाही’ असं सांगून गाडी दिली.

डोळ्यांना दिसलं त्यावर हे काम रास्तच होतं. पण त्यातल्या दोन गोष्टींनी दुखणं वाढवलं.

पहिली गोष्ट पिस्टनची. पॅड झिजत जातात तसा पिस्टन कॅलिपरबाहेर येत जातो. डस्ट बूट फाटलेला असेल तर बाहेर आलेल्या भागावर ओल बसते आणि क्रोमवर बारीक खड्डे पडतात. जुने पॅड असेपर्यंत हा भाग सीलच्या बाहेर असतो, त्यामुळे काम कसंबसं चालतं. नवे जाड पॅड बसवायचे तर पिस्टन पूर्ण आत ढकलावा लागतो, आणि मग तोच खडबडीत भाग सीलमध्ये जाऊन बसतो. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचं सील पिस्टनला धरून किंचित पिळलं जातं आणि दाब गेला की सरळ होताना त्याला मिलिमीटरच्या काही दशांशाएवढं मागे घेतं. सगळी माघार तेवढीच. खड्डे पडलेला पिस्टन या एवढ्याशा ताकदीला जुमानत नाही. ‘पॅड बदलले आणि ब्रेक जास्तच धरायला लागला’ ही जुन्या गाड्यांची नेहमीची तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

दुसरी गोष्ट ग्रीसची. पिनांना लावलं ते चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस. त्यात खनिज तेल असतं आणि ब्रेकमधलं रबर खनिज तेल पिऊन फुगतं. इथे खालच्या पिनवर रबरी बुश होता. तो फुगून भोकात आवळला गेला. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने सील पुसण्याचाही परिणाम हाच. ब्रेकला चालतं ते सिलिकोन ग्रीस, किंवा रबरासाठी मिळणारं लाल ग्रीस. स्पेअर पार्टच्या दुकानात ते छोट्या पाकिटात मिळतं. गॅरेजच्या फळीवर मात्र डबा पिवळ्याचाच असतो.

आतला पॅड जास्त झिजला होता हा इशारा तेव्हाच मिळाला होता. साधारणपणे आतला पॅड जास्त झिजला तर संशय पिस्टनवर घ्यावा, बाहेरचा जास्त झिजला तर पिनांवर. नियम अगदी पक्का नाही, पण दिशा दाखवतो.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान आणायला गाडी पुन्हा म्हापशाला निघाली आणि या वेळी चाकातून धूर आला. आता गाडी टो करून दुसऱ्या वर्कशॉपमध्ये नेली. सण उरकेपर्यंत ती तिथेच पडून राहिली.

निदान

दुसऱ्या ठिकाणी काम हातात घेणाऱ्याने आधी काहीच उघडलं नाही. गाडी थंड होती, म्हणजे पुन्हा सुटलेली. त्याने ती जवळच्या सपाट, रिकाम्या रस्त्यावर नेली आणि शंभरेक मीटरवर एकदा, असा ब्रेक मारत हळू चालवली. ओढ जाणवताक्षणी गाडी परत आत आणली, आणि थांबवताना पेडलला पाय न लावता हँडब्रेक वापरला, म्हणजे पुढच्या ब्रेकमध्ये जी स्थिती होती तीच कायम राहिली. या सगळ्या प्रकरणात निर्णायक पाऊल हेच. थांबलं की सुटणारा दोष रांगेत उभ्या असलेल्या गाडीत सापडत नाही. तो आधी पैदा करावा लागतो.

लगेच तापमान घेतलं. त्यासाठी औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. कोविडात कपाळाला लावायची बंदूक चालत नाही, ती ४२-४३ अंशांपुढे मोजतच नाही. चकचकीत धातूवर हे यंत्र खरं तापमान कमी दाखवतं, म्हणून एकटा आकडा फारसा कामाचा नसतो. डावीकडे आणि उजवीकडे एकाच जागी, सारख्या अंतरावरून मोजून फरक बघायचा. इथे उजवी डिस्क सत्तरच्या आसपास आणि डावी दोनशेच्या घरात होती. मागचे दोन्ही ड्रम कोमट. हँडब्रेकवरचा आळ तिथेच संपला.

पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवली, गिअर न्यूट्रलला. उजवं चाक हाताने फिरत होतं, डावं हलत नव्हतं. आता प्रश्न एकच: पिस्टनमागे दाब अडकला आहे, की दाब गेला तरी भाग अडकले आहेत?

त्यासाठी कॅलिपरच्या निप्पलला (ऑइल आणि हवा काढायच्या छोट्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं आणि निप्पल पाव फेरा सैल केला. ऑइल जोराने नळीत आलं आणि चाक सुटलं. म्हणजे दाब अडकलेला होता. फक्त पिस्टन किंवा पिन जाम असती तर नळीत थेंबभर येऊन चाक तसंच घट्ट राहिलं असतं. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, अट एवढीच की निप्पल फिरला पाहिजे. किनाऱ्यावरच्या गाडीत तो बहुधा गंजलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, वरून हलके ठोके द्यायचे आणि सहा कोनांचा सॉकेट वापरायचा. डोकं तुटलं तर पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

मग दाब कुठे अडकतोय ते बघितलं. निप्पल बंद केला, इंजिन चालू करून पेडल दाबून सोडलं. चाक पुन्हा अडकलं. या वेळी निप्पलला हात न लावता वरचा सांधा सैल केला, म्हणजे जिथे लोखंडी नळी संपून रबरी होज सुरू होतो तो. फ्लेअर नट पान्याने अर्धा फेरा. तिथून ऑइल नुसतं ओघळलं, जोर काहीच नव्हता आणि चाक अडकलेलंच राहिलं. सांध्याच्या वर दाब नाही, सांध्याखाली आहे. मधे फक्त होज. पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं, ऑइल परत जायचं छिद्र बुजलेलं असतं किंवा बूस्टरची पुशरॉड त्याला सतत दाबून धरत असती, तर हा सांधा सैल करताच चाक मोकळं झालं असतं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक ऑइलच्या एकाच सर्किटवर असतं. त्यामुळे ‘मागचं उजवं मोकळं आहे, म्हणजे मास्टर ठीक’ असा निष्कर्ष काही जण काढतात. तो कच्चा आहे. ड्रममध्ये शू मागे ओढणाऱ्या दणकट स्प्रिंगा असतात. थोडा दाब उरला तरी त्या त्याला दाद देत नाहीत. पुढचं चाक मात्र तेवढ्या दाबानेही घासत राहतं. सांधा सैल करून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

होज काढला. बाहेरून रबर धड दिसत होतं, भेगा नव्हत्या. पण मधोमध त्याला पत्र्याची एक पट्टी आवळलेली असते, होज चाकाला घासू नये म्हणून जिथून तो बांधतात ती. पट्टीच्या कडेला गंजाची पापुद्र्यासारखी साय दिसत होती. पट्टी कापली तर आतल्या बाजूला गंजाचे थरावर थर. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. बाहेरून पट्टी जायला तयार नाही, म्हणून तो आत फुगला आणि त्याने होजला गळ्यासारखं दाबलं. बारीक तार घातली तर बरोबर पट्टीखाली अडली. पाय दाबतो तेव्हा दाब इतका असतो की ऑइल या चिंचोळ्या वाटेतूनही पुढे जातं. परतीला ढकलणारं असतं ते फक्त सीलचं पिळणं. म्हणून ब्रेक लागायचा झटक्यात आणि सुटायचा अर्ध्या तासाने. बाजाराच्या गर्दीत दर मिनिटाला ब्रेक बसत असल्याने सुटायला वेळच मिळत नव्हता. मोकळ्या रस्त्यावर तक्रार नसायची ती यामुळे.

इथे थांबता आलं असतं, पण निप्पल उघडा असताना डावं चाक उजव्याच्या तुलनेत तरीही जड फिरत होतं. जी-क्लॅम्पने पिस्टन आत ढकलून पाहिला: निप्पल उघडा असूनही तो धक्क्याधक्क्याने, कुरकुरत गेला. खालची पिन हाताने सरकत नव्हती. दोष तीन होते आणि ते एकमेकांना झाकत होते. नुसता होज बदलला असता तर गाडी बरी झाल्यासारखी वाटून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा आली असती. नुसता कॅलिपर बदलला असता तर त्याच दिवशी.

पर्याय

कॅलिपरसाठी चार वाटा होत्या. नुसतं सील-किट घालणं सर्वांत स्वस्त, पण खड्डे पडलेल्या पिस्टनवर नवं सील टिकत नाही. पिस्टन पॉलिश पेपरने घासून चालवणं हा किटबरोबर नेहमी सुचवला जाणारा तोडगा. घासल्याने क्रोम जातं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा गंज. भंगारातला कॅलिपर गोव्यातच मिळाला असता, पण तो आला असता याच खाऱ्या हवेतून, आतून कसा आहे ते उघडल्याशिवाय कळलं नसतं आणि उघडल्यावर किट लागलंच असतं. पूर्ण नवा कॅलिपर हा सरळ मार्ग. पण पहिल्या पिढीची झेन २००६ नंतर निघाली नाही. इतक्या जुन्या मॉडेलला दुकानात समोर येतो तो बहुधा बिनओळखीचा जोड माल, आणि ब्रेकमध्ये तो घेण्यापेक्षा मूळ बॉडी चांगली असेल तर ती राखणं बरं.

म्हणून किट आणि नवा पिस्टन असं ठरलं, मात्र एका अटीवर: बॉडी उघडून बघायची, सीलची खाच कुरतडलेली निघाली तर नवा कॅलिपर. सील बॉडीच्या खाचेत बसतं आणि घासतं ते पिस्टनवर. त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीवर थोडा डाग असला तरी चालतो, पिस्टनवर नाही. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं नेमकं उलट, तिथे भिंत महत्त्वाची. खाच साफ निघाली.

होज दोन्ही बाजूंचे बदलायचे यावर वाद नव्हता. उजवा चालू होता, पण वय तेच, हवा तीच, पट्टी तीच. पॅडही दोन्ही बाजूंचे पुन्हा नवे घेतले, कारण आठवडाभरात डाव्यांच्या कडा जळून भुसभुशीत झाल्या होत्या आणि एका बाजूला जुने, एका बाजूला नवे पॅड घालत नाहीत. डिस्कवर निळसर डाग होते. मायक्रोमीटरने जाडी मोजून डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्याशी ताडली, डायल गेजने लचक (फिरताना होणारं हेलकावणं) तपासली. दोन्ही बसत होतं, म्हणून ती ठेवली. बेअरिंगला खेळ नव्हता, आवाज नव्हता, तीही ठेवली. उजव्या कॅलिपरचा पिस्टन सहज आत जात होता आणि डस्ट बूट अखंड होता, म्हणून तो न उघडता फक्त पिना साफ करायचं ठरलं.

प्रत्यक्ष काम

पिस्टन काढायला हवेचा कॉम्प्रेसर वापरला नाही. हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि समोर बोटं असतील तर चिरडतो. जुना होज तेवढ्यापुरता परत जोडून, कॅलिपर तारेने टांगून (होजवर लोंबकळत ठेवून नव्हे), समोर लाकडाचा ठोकळा धरून पेडलनेच पिस्टन बाहेर ढकलला. होज जायच्या दिशेने चालत होता, त्याचा एवढा उपयोग झाला.

सीलची खाच बांबूच्या चोयटीने खरवडली. स्क्रू-ड्रायव्हरने तिथे ओरखडा पडला तर कॅलिपर गेला. सफाई ब्रेक क्लीनरने. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बोटांनी बसवलं, पीळ नाही याची बोट फिरवून खात्री केली आणि पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबत आत घातला. इथे हातोडी हवीशी वाटली तर काहीतरी तिरकं बसतंय असं समजून पिस्टन बाहेर काढावा.

पिनांचं पिवळं ग्रीस पूर्ण पुसलं, फुगलेला बुश आणि टोप्या किटमधल्या घातल्या, सिलिकोन ग्रीसचा पातळ हात दिला. भरपूर ग्रीस हे चांगलं काम नव्हे: पिनेचं भोक एका बाजूने बंद असतं, त्यात ग्रीस ठासलं की पिन आत दाबल्यावर पुन्हा बाहेर येते आणि पॅड घासत राहतो. पॅडचे कान ज्या खाचांत सरकतात तिथला गंज वायर ब्रशने आणि बारीक कानशीने काढला. नवे पॅड तिथे नुसत्या बोटांनी सरकले पाहिजेत. ठोकून बसवावे लागले तर ते ठोकल्याशिवाय परतही येणार नाहीत.

होज बसवताना तो कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या सांध्याला दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घातले, पट्टी मूळ जागी बांधली आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज कुठे ताणतो, पिळतो किंवा टायरला लागतो का ते पाहिलं. नव्या होजच्या पट्टीला कडेने गंजरोधक रंगाचा हात दिला, रबर वाचवून.

जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं नवं ऑइल घेतलं. सगळी नळी धुवून निघायला एक लिटरचा डबा पुरतो. डॉट ३ मध्ये डॉट ४ चालतं, पण डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. एअर काढताना पेडलखाली लाकडी फळी ठेवली होती. वीस वर्षांच्या मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग रोजच्या वापरात कधी घासला जात नाही, तिथे गंज आणि गाळ असतो; पेडल तळाला नेलं की सील त्यावरून ओरखडत जातं आणि धडधाकट मास्टर चार दिवसांत निकामी होतो. सुरुवात मास्टरपासून लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून, आणि प्रत्येक चाकाला नळीत स्वच्छ ऑइल बुडबुड्याविना येईपर्यंत. बॉनेटच्या कडेवर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर रंग उचलतो.

मागचे ड्रम पहिल्या गॅरेजने नीट साफ केले होते. फक्त हँडब्रेकची केबल एका बाजूला जड येत होती, तिला तेल देऊन मोकळी केली.

निकाल

सगळं झाल्यावर त्याच रस्त्यावर तशीच चाचणी घेतली: ठरावीक अंतराने ब्रेक, मग हँडब्रेकने थांबून तापमान. दोन्ही डिस्कमधला फरक दहा अंशांच्या आत आला. किंचित उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली की गाडी आपोआप घरंगळते. नवे पॅड सेट व्हायला पन्नासच्या वेगावरून पंधरापर्यंत दहाएक मध्यम ब्रेक, मधे थंड व्हायला जागा देऊन. पाचशे किलोमीटरांनंतर चाक काढून पाहिलं तर दोन्ही पॅड सारखे घासले होते आणि पिना हाताने सरकत होत्या.

एक गोष्ट मात्र चुकली. पाच-सहा आठवड्यांनी पुढच्या डाव्या चाकातून घरघर सुरू झाली आणि बेअरिंग बदलावं लागलं. दोनदा तापलेल्या हबमधलं ग्रीस पातळ होऊन सरकलं असणार. तपासणीच्या दिवशी खेळ नसणं हा पुरेसा पुरावा नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

चाकातून धूर निघाला होता तेव्हाच बेअरिंगचा खर्च अंदाजात धरायला हवा होता. नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा लोखंडी भाग) उघडा पडलेला असताना ते काम अर्ध्या मजुरीत झालं असतं. बेअरिंग बदलायचं की नाही हा निर्णय मालकाचा, पण हा धोका त्याच्यासमोर मांडला गेला नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये चाक मोकळं फिरताना दिसलं तेव्हा ‘गाडी आता कशी आहे’ यापेक्षा ‘ती कधी धरते आणि किती वेळाने सुटते’ हे विचारायला हवं होतं. हळूहळू, आपोआप सुटणं म्हणजे दाब कुठूनतरी झिरपत परत जातोय. जाम झालेला पिस्टन किंवा पिन अर्धा तास थांबल्याने इतकी साफ सुटत नाही. घरच्यांनीही ही गोष्ट आपणहून सांगितली नाही. त्यांच्या लेखी ‘सुटली’ म्हणजे बरी झाली.

डावे पॅड झिजलेले असताना उजवे जवळजवळ अर्धे शिल्लक होते. एका बाजूचे पॅड इतके पुढे झिजलेले दिसले की ती बाजू कित्येक महिने हलकी धरत आली आहे असं समजावं. पावसाळ्याने हा दोष आणला नाही, उघड केला. जूनआधीच्या फेऱ्यांत पेट्रोल जास्त लागत होतं, पण गाडी जुनी म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही.

पुढच्या पावसाळ्यासाठी घरी ठरलं ते असं: हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकांना पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे. पाऊस उघडेल तेव्हा आठवड्यातून एकदा गाडी आवारातून काढून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायची, वाटेत पाच-सहा ब्रेक मारून. नुसतं इंजिन चालू ठेवल्याने बॅटरीला थोडा फायदा, ब्रेकला काही नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, शक्यतो मे महिन्यात. आणि उजवा कॅलिपर अजून उघडलेला नाही. तिकडचे पॅड पुन्हा बदलायची वेळ येईल तेव्हा पिस्टन आत ढकलण्याआधी बूट उचलून बाहेरचा भाग पुसून बघायचा, खड्डे असतील तर किट आणि पिस्टन आधी मागवायचे, अशी नोंद वर्कशॉपने बिलाच्या मागे करून दिली आहे.